स्मृतिभ्रंश आणि अकस्मात संकट



वृद्धसेवा हा आपल्या कुटुंबाचा संस्कार आहे. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांच्या सेवेत श्रद्धेला सावधानतेची जोड हवी. अल्झायमरसारखा विकार महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. काल माणसे ओळखणारे आजोबा आज एकाएकी असंबद्ध बोलू लागले, ग्लानीत गेले वा अनावर झाले, तर ‘आजार वाढला’ म्हणून स्वस्थ बसू नये. मूत्रमार्गाचा वा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी घटणे, रक्तातील साखर उतरणे, एखादे नवे औषध अशी कारणे त्यामागे असू शकतात. वृद्धांना संसर्गात ताप येतोच असे नाही. पडल्यानंतर डोक्यात साकळलेल्या रक्ताची लक्षणे कधी काही आठवड्यांनीही दिसतात. रुग्णाला दुखणे सांगता येत नाही; त्याचे वर्तन हीच त्याची वाणी असते. म्हणून त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करावी.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही दिसताच 2014 पासून महाराष्ट्रात सुरू असलेल्या 108 या रुग्णवाहिका सेवेला बोलवावे. बेशुद्ध व्यक्तीच्या मुखात पाणी वा तीर्थ घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

औषधे, जुने आजार आणि न सोसणारी औषधे यांची नोंद घरात दर्शनी ठिकाणी असावी. रुग्णालयात चष्मा, श्रवणयंत्र आणि परिचयाचे एक माणूस सतत सोबत असावे.

हा भार बहुधा एकट्या सुनेवर वा वृद्ध पत्नीवर पडतो. आपल्या वस्तीत असे घर कोणते, हे प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक असावे. मध्यरात्री हाक येताच वाहन आणि दोन माणसे तेथे पोहोचावीत. मातृपितृसेवेचे व्रत असेच आचरणात येते.