मुचलका कोणाकडून घ्यावयाचा?



'पोरांवर चॅप्टर केस झाली' अशी वार्ता गावाकडून येते, तेव्हा येथे इंग्लंडमध्ये बसून आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा, की पोरांनी गुन्हा कोणता केला? वस्तुतः या कारवाईसाठी गुन्हा घडावाच लागत नाही. शांतताभंग होण्याचा संभव आहे अशी माहिती मिळाली आणि कारवाईस पुरेसा आधार आहे असे मत झाले, की कार्यकारी दंडाधिकारी संबंधितास 'शांतता राखण्याचा मुचलका तुमच्याकडून का घेऊ नये?' असे विचारू शकतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे हे कलम 107 होते; 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 126 झाले आहे. क्रमांक बदलला, अधिकार तोच राहिला.

या अधिकाराचे मूळ आपण राहतो त्याच भूमीत आहे. तिसऱ्या एडवर्ड राजाच्या 1361 च्या कायद्याचा आधार येथील दंडाधिकारी आजही घेतात. परंतु येथेही त्याला मर्यादा पडली. नुसते 'सद्वर्तनाने वागा' असे बंधन घातल्याने नेमके काय टाळावयाचे हे माणसाला कळत नाही, म्हणून 1999 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एका खटल्यात असा आदेश अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारा ठरविला.

भारतात ही मर्यादा 1970 सालीच स्पष्ट झाली होती. पुण्यात जन्मलेले व बिहारमधील मुंगेरहून लोकसभेवर निवडून गेलेले समाजवादी नेते मधू लिमये यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार वैध मानला. मात्र मिळालेल्या माहितीच्या सत्यतेची चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम मुचलका मागता येणार नाही, असे बजावले. कायद्याप्रमाणे आदेश लेखी हवा. त्यात माहितीचा सारांश, मुचलक्याची रक्कम व मुदत आणि जामीनदार हवे असल्यास त्यांची संख्या नमूद हवी. शांतता राखण्याच्या मुचलक्याची मुदत एका वर्षाहून अधिक नसावी, रक्कम अवाजवी नसावी. सहा महिन्यांत चौकशी पुरी झाली नाही आणि मुदतवाढीची विशेष कारणे लिहून ठेवली नाहीत, तर कारवाई आपोआप संपते. अंतिम आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील आहे.

हा अधिकार वापरणारा अधिकारी बहुधा तहसीलदार वा प्रांत, म्हणजे शासनाचाच माणूस असतो, हे विसरता येत नाही. त्यामुळे गावात तंटा उद्भवला, की 'दोन्ही बाजूंना बांधून ठेवा' हा सोपा मार्ग दिसतो. ज्याने हल्ला केला तोही मुचलका देतो आणि ज्याच्या घरावर हल्ला झाला तोही. कागदावर हा समतोल शोभून दिसतो. परंतु रोजंदारी बुडवून तारखांना जाणाऱ्या माणसाला तो शिक्षेसारखाच भोगावा लागतो. शिवाय फिर्यादीला आरोपीच्या रांगेत बसविले, की तडजोडीसाठी त्याच्यावर दडपण आणणे सोपे जाते.

याच जागी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या उपयोगी पडतो. त्याच्या कलम 17 नुसार, अनुसूचित जाती वा जमातीचे नसलेले लोक या कायद्याखालील गुन्हा करण्याचा संभव असेल किंवा त्यांनी तशी धमकी दिली असेल, तर दंडाधिकारी वा उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी तो भाग अत्याचारप्रवण घोषित करून प्रतिबंधक उपाय योजू शकतो. मुचलक्याच्या तरतुदीही तेथे लागू केल्या आहेत. मुचलका कोणाकडून घ्यावयाचा, याचे उत्तर संसदेने तेथे स्वतःच दिले आहे. हे कलम वापरा, असा अर्ज करणारे मात्र थोडे.

15 सप्टेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत आजचे कलम 22 मांडले. अटकेची कारणे कळणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळणे आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाणे, हे हक्क त्यात आहेत. फौजदारी संहितेतील अशी संरक्षणे संविधानात आणली, की कायदेमंडळाला ती सहजी काढून घेता येणार नाहीत, ही त्यामागील दृष्टी होती.

त्या दृष्टीला जागावयाचे तर आम्ही केवळ पैसे पाठवून थांबू नये. मुचलक्यावर सही करण्यापूर्वी लेखी आदेशाची प्रत मागा, तिच्यातील माहितीचा सारांश वकिलाला दाखवा आणि धमकी आपल्यालाच आली असेल तर कलम 17 खाली लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या, एवढे गावी आवर्जून कळवावे. कायदा माहीत असणारा माणूस गावात एक जरी असला, तरी दंडाधिकाऱ्याला कारणे लिहावी लागतात. जय भीम, जय भारत.