पावसाळ्याच्या बेगमीत एक पिशवी

(प्रभागसंघाच्या मे महिन्याच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



थोड्याच दिवसांत मृग लागेल. त्याआधी आपण बायका काय काय करतो, आठवून बघा. जळण आत टाकतो, शेणी झाकून ठेवतो, चटणी-मसाला करून बरण्या भरतो, डाळी-कडधान्याला ऊन दाखवतो, घर गळत असेल तर कागद टाकून घेतो. याला आपण बेगमी म्हणतो. ही कुणी शिकवावी लागत नाही. सासूकडून सुनेकडं ती आपोआप येते. आज मला एवढंच सांगायचंय की या बेगमीत अजून एक पिशवी धरा. घर सोडायची वेळ आली तर हातात घेऊन निघायची पिशवी.

जपानात समुद्रकाठच्या पुष्कळ घरांत अशी पिशवी दाराशी भरून ठेवलेली असते. तिथं भूकंप होतो, मागोमाग सुनामी येते. ११ मार्च २०११ ला अशीच सुनामी आली आणि हजारो माणसं गेली. काही ठिकाणी भूकंपानंतर अर्ध्या तासात लाट आली. एवढ्या वेळात कागदपत्रं कुठली शोधणार? म्हणून पिशवी आधीच भरलेली लागते. आणि त्यांचा दुसरा नियम त्याहून मोठा आहे. पिशवी हाताशी नसेल तर तशीच सोडायची, उंचावर पळायचं, माघारी फिरायचं नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, आपल्या सातारा-सांगलीत समुद्र कुठं आहे? समुद्र नाही, पण पाणी आहे, डोंगर आहे आणि हलणारी जमीनही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. लोक झोपेत होते. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून घरंच्या घरं गाडली गेली. आणि कृष्णेचा पूर तर आपल्याला नवा नाही. २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला.

या तीन संकटांत एक फरक आहे, तो नीट समजून घ्या. भूकंप सांगून येत नाही. दरडीची कधी थोडी चाहूल लागते. जमिनीला भेगा पडतात, भिंती तडकतात, झाडं कलतात, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं. पण वेळ फार थोडा मिळतो. पुराचं मात्र तसं नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडवरून खाली सांगलीकडं यायला वेळ लागतो. धरणातून किती सोडलं, आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं, हे टीव्हीवर, मोबाइलवर येत राहतं. सांगलीत ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आता शाळेतलं पोरसुद्धा सांगतं. म्हणजे पूर आपल्याला निघायला वेळ देतो. तरी आपण अडकतो. का अडकतो?

२०१९ ला पुष्कळांनी २००५ ची खूण धरली होती. "तेव्हा पाणी पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येत नाही," असं घरोघरी म्हटलं गेलं. पाणी त्याच्या वर आलं. आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. तोवर रस्ते बंद झाले होते, वीज गेली होती, आणि बाहेर पडायला नावेशिवाय काही उरलं नव्हतं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि १७ जण गेले. त्यात बायका होत्या, लेकरं होती. त्या माणसांची काही चूक होती असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की नावेची वेळ येण्याआधी, रस्ता चालू असताना, उजेड असताना आपल्याला निघता आलं पाहिजे.

आता खरं बोलूया. घर सोडायचं कधी, हे आपल्या घरात ठरवतं कोण? बहुतेक वेळा बाई विचारते, "निघायचं का?" आणि उत्तर येतं, "थांब, बघू सकाळी." गोठ्यात म्हैस आहे, घरात धान्य आहे, कपाटात कागद आहेत, म्हातारी म्हणते मी उंबरा सोडणार नाही. यात रात्र जाते. म्हणून पिशवीच्या आधी एक काम करा. घरात सगळ्यांना बसवून निघायची खूण ठरवा. ही खूण गावागणिक वेगळी असेल. कुणाची नदीकाठच्या देवळाची पायरी, कुणाचा ओढ्यावरचा पूल, कुणाचा रस्त्याकडेचा खांब. पाणी तिथं टेकलं की निघायचं, मग चर्चा नाही. आणि ही खूण मागच्या पुराच्या रेषेच्या बरीच खाली धरा. डोंगराकडच्या वाड्यांनी पावसाची खूण धरावी. दिवसभर धो-धो लागलाय आणि भेग दिसली, की रात्र घरात काढायची नाही. खूण आज ठरली तर त्या दिवशी भांडण होत नाही. गरोदर बाई, बाळंतीण, म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं यांनी खुणेच्याही आधी हलायचं.

आता पिशवी. नवं काही विकत आणायची गरज नाही. पोरांचं जुनं दप्तर चालतं. पाठीला लावता येतं, दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताला लेकरू, दुसऱ्या हातात काठी.

पहिला मान कागदांचा. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा आणि आठ अ, घराचा उतारा, पोरांचे शाळेचे नि जातीचे दाखले, लहान बाळाचं लसीचं कार्ड, विम्याचे कागद, दवाखान्याची फाइल. जे मूळ कागद रोज लागत नाहीत ते प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात, त्यावर अजून एक पिशवी. बाकीच्यांच्या झेरॉक्स. आणि सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून बाहेरगावच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं गावात कुटुंबामागं १० हजार आणि शहरात १५ हजार रुपये दिले. त्यातले काही रोख, बाकी बँक खात्यावर. खाते नंबर आणि कागद हाताशी असले की हेलपाटे वाचतात.

इथं एक गोष्ट आपल्या एकल महिलांसाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठी. घरातले कागद कुठं आहेत हे आपल्याला माहीत आहे का? पुष्कळ घरांत ट्रंकेची किल्ली मालकांच्या खिशात असते आणि ते कामाला पुण्या-मुंबईला. आज घरी गेल्यावर विचारा. भांडायचं नाही, नुसतं विचारायचं आणि एकदा ट्रंक उघडून बघायची.

दुसरं औषध. बीपी-शुगरच्या, दम्याच्या, झटक्याच्या गोळ्या किमान आठवडाभराच्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. ताप-जुलाबाची औषधं आशाताईंना विचारून. ओआरएसची पाकिटं, आणि ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. पाण्यासाठी क्लोरीनचं औषध किंवा गोळ्या, त्यावर लिहिलेल्या मापानंच घालायच्या. पुरात चहूकडं पाणी असतं आणि प्यायला घोटभर मिळत नाही. म्हणून निघताना घट्ट झाकणाच्या बाटल्या भरून घ्यायच्या.

तिसरं खाणं, तेही चूल न पेटवता खाता येईल असं. फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं. सांगलीकरांना भडंग सांगायला नको. तीन दिवस पुरेल एवढं धरा. वेळ मिळाला तर निघायच्या दिवशी दशम्या करून घ्या, त्या दोन दिवस टिकतात.

चौथं आपलं. हे मोठ्यानं कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. पाळीचे पॅड किंवा स्वच्छ सुती कापड, आतले कपडे, एक गाऊन किंवा साडी, एक चादर. शाळेत, मंगल कार्यालयात शंभर-दोनशे माणसांत राहायची वेळ आली की अंगावरच्या ओल्या कपड्यानिशी बाईचे फार हाल होतात. पॅड मागायला लाज वाटते. ते आपल्याच पिशवीत असले की लाजायचं कारण उरत नाही. ज्यांच्या मुली वयात येताहेत त्यांनी त्यांचंही धरा.

पाचवं किरकोळ, पण जिवाला राखणारं. बॅटरी, मोबाइलचा चार्जर आणि जमलं तर पॉवर बँक, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काड्यापेटी, दोरी, आणि एक शिट्टी. शिट्टीला हसू नका. ढिगाऱ्याखाली किंवा माळवदावर अडकलेल्या माणसाचा आवाज तासाभरात बसतो, शिट्टी वाजत राहते. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या थोड्या नोटा ठेवा, कारण वीज गेली की एटीएम बंद आणि फोनवरून पैसे पाठवणंही बंद. एका कागदावर फोन नंबर लिहा. मोबाइल बंद पडला तर पाठ असलेला नंबर किती जणींकडं आहे? गावातले नंबर आणि त्याखाली ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. लहान पोराच्या खिशात नाव, गाव आणि फोन नंबरची चिठ्ठी घाला. दागिने पिशवीत ठेवू नका, निघताना अंगाशी बांधा.

निघताना विजेचं मेन स्विच आणि गॅसचा कॉक बंद करा. आणि जनावरं! शक्य असेल तर ती आपल्या आधी उंचावर न्या. नाहीच जमलं तर दावं सोडा. बांधलेलं जनावर दाव्याला अडकून बुडतं, सुटलेलं पोहून तरी जातं. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येकाचा फोटो काढा. पुढं पंचनाम्याला, विम्याला तो कामी येतो. पशुसखी यात मदत करतील.

हे झालं घरचं. आता गटाचं. गटाची वही, पासबुक, चेकबुक, शिक्का कुणाच्या घरी असतो? ते घर पुराच्या रेषेत आहे का? असेल तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दप्तर उंचावरच्या सदस्येकडं ठेवायचा ठराव करा आणि वहीत लिहा. दर सभेनंतर हजेरी, बचत आणि कर्जाच्या पानांचे फोटो काढून गटात आणि ग्रामसंघात पाठवा. वही भिजली तर कुणाची किती बचत, कुणाचं किती कर्ज, यावरून वर्षानुवर्षांचा विश्वास भिजतो.

पंतप्रधान सुरक्षा विमा २० रुपयांचा आणि जीवन ज्योती ४३६ रुपयांचा. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं. ३१ मेच्या आत खात्यात तेवढे पैसे आहेत का, हे बँक सखीकडून बघून घ्या. खात्यात पैसे नव्हते म्हणून विमा बंद पडला, असं कुणाच्याही बाबतीत व्हायला नको.

आणि शेवटचं काम फक्त गटच करू शकतो. गटात दहा-बारा जणी असतो आपण. प्रत्येकीनं शेजारचं एक घर वाटून घ्या. एकटी राहणारी आजी, दिव्यांग माणूस, आठवा-नववा महिना लागलेली सून, नदीकडंच्या शेवटच्या आळीतलं, वस्तीवरचं घर. खूण आली की आपल्या घराबरोबर त्या घरालाही हाक द्यायची. सरकारी माणूस येईल तेव्हा येईल, हाक शेजारणीचीच आधी पोचते.

कुणी म्हणेल, आत्तापासून पिशवी भरणं म्हणजे अपशकुन. बाळंतिणीची तयारी आपण आधीच करतो ना? दुपटी, लंगोट, डिंक, आळीव सगळं आधी जमवतो. त्याला कुणी अपशकुन म्हणत नाही. ही पिशवीही तसलीच. पूर नाही आला तर शेंगदाणे आपणच खाऊ.

तेव्हा या आठवड्याच्या सभेत पंचसूत्रीचं कामकाज आटोपल्यावर दहा मिनिटं काढा. निघायची खूण, दप्तराची जागा आणि कुणी कुणाला हाक द्यायची, हे तीन ठराव वहीत लिहा. पुढच्या सभेला प्रत्येकीनं पिशवी भरली का, हे एकमेकींना विचारा. पावसाळाभर दर महिन्याच्या पहिल्या सभेत ती उघडून बघा. खाऊ जुना झाला असेल तर बदला, गोळ्यांची तारीख बघा, बॅटरी लागते का ते बघा. ज्या गटाचं काम आधी होईल त्यांनी ग्रामसंघात सांगा, म्हणजे बाकीच्यांनाही हुरूप येईल.

एवढं बोलते आणि थांबते. जय सावित्री, जय जिजाऊ.