आवाज थरथरला तरी



‘जरा धीट हो,’ असं मुलींना ऊठसूट सांगितलं जातं. धीटपणा आणायचा कुठून, ते मात्र कुणी सांगत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की आधी काम अंगावर घ्यावं लागतं. धीटपणा मागाहून येतो.

रमाबाई रानड्यांचंच बघा. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी म्हणून त्यांच्या घरात आल्या. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना मराठी शिकवलं, पुढे इंग्रजीही. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचत नव्हतं. रमाबाईंना पदोपदी टोमणे ऐकावे लागत. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून सभा भरली, तेव्हा गव्हर्नरांसमोर याच रमाबाईंनी इंग्रजी निवेदन वाचलं. घरी कौतुक दूरच, बोलणीच बसली. पण १८८४ मध्ये शाळा सुरू झाली. तीच आपली हुजूरपागा.

त्यांनी ते निवेदन वाचलं, हे मला फार मोलाचं वाटतं. हातात कागद होता, मागे तयारी होती. तुम्हीही कागद घ्या. कॉलेजात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, ग्रामसभेत काही मांडायचं असेल, तर निदान पहिलं वाक्य लिहून काढा आणि घरी मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात नको. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानांना सवयीचा व्हायला हवा. ‘मला यातलं फारसं कळत नाही, पण…’ ही सुरुवात खोडून टाका. आवाज थरथरेल, थरथरू दे. मध्येच कुणी तोडलं, तर ‘माझं बोलणं पूर्ण होऊ द्या,’ एवढंच म्हणा आणि पुढे बोला.

रमाबाईंच्या पाठीशी घरातलं एक माणूस ठाम उभं होतं. प्रत्येकीला ते लाभत नाही, म्हणून एखादी मैत्रीण, एखाद्या बाई शोधा, ज्यांच्यासमोर चुकायला संकोच वाटणार नाही. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. तोवर रमाबाईंची स्वतःची ताकद तयार झाली होती. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, आणि तिथे कितीतरी बायका शिकून, परिचारिका होऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

ऐकणाऱ्या वडिलांना आणि भावांनाही एक विनंती. बँकेत, तहसील कचेरीत मुलीबरोबर जरूर जा, पण खिडकीशी तिला बोलू द्या. ती अडखळली, तरी तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.