हळदीचा वायदा आणि निफ्टीचा वायदा



सांगलीत येऊन वायद्यावर बोलायचं हे तसं धाडसच. हरिपूरच्या पेवांत हळद पडून असायची आणि तिचे पुढच्या भावाचे सौदे इकडे गावात होऊन जायचे, हे ज्यांनी आजोबांकडून ऐकलंय त्यांना मी नवं काय सांगणार? फरक एवढाच, की हळदीचा सौदा शेवटपर्यंत उभा राहिला तर कुणाच्या तरी दारात पोतं येऊन पडू शकतं. निफ्टीचं पोतं नसतं. पन्नास कंपन्यांच्या भावांवरून मांडलेलं ते एक गणित आहे, आणि गणिताची डिलिव्हरी देणार कशी? म्हणून हा सौदा फक्त फरकाच्या पैशात मिटतो. नुसत्या फरकाचा सौदा म्हटला की आपल्याकडे जुगाराचा वास यायचा. कायद्यात दुरुस्ती होऊन या व्यवहाराला मान्यता मिळायला १९९९ चा डिसेंबर उजाडला. मग २००० च्या जूनमध्ये, ९ तारखेला मुंबई शेअर बाजारात सेन्सेक्सचा आणि १२ तारखेला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर निफ्टीचा वायदा सुरू झाला.

आपल्याकडे हा वायदा जन्मलाच संगणकाच्या पडद्यावर. शिकागोत तसं नव्हतं. तिथे १९८२ पासून ‘एस अँड पी ५००’ चा वायदा माणसं ओरडून, हातवारे करून करत होती. निर्देशांक एक अंशाने हलला की सौद्यामागे ५०० डॉलर इकडचे तिकडे. हे साध्या पगारदाराच्या आवाक्यातलं नव्हतंच. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या मर्कंटाइल एक्स्चेंजने ‘ई-मिनी’ आणला: अंशाला ५० डॉलर, आणि सगळा व्यवहार संगणकावर. २०१९ मध्ये त्याहून लहान ‘मायक्रो’ आला, अंशाला ५ डॉलर. म्हणजे तिकडे सौदा लहान करत गेले. आपल्या बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बरोबर उलटं केलं. निर्देशांकाच्या सौद्याची किमान किंमत १५ लाख रुपये ठरवली. तिकडे दार रुंद केलं, इकडे उंबरा उंच केला. तरुण मंडळींना हे आवडलं नाही. मला मात्र हा उंबरा पटतो, आणि का पटतो तेच आज सांगायचंय.

पण आधी पडद्याचं श्रेय पडद्याला देऊ. मी दलाल स्ट्रीटवर एका पेढीत उमेदवारी करत होतो तेव्हा इथेही खरेदी-विक्री रिंगमध्ये ओरडून व्हायची. दिवसभरात भाव शंभर ते एकशेदहा फिरला असेल, तर गावाकडच्या गिऱ्हाइकाच्या कागदावर खरेदी एकशेदहाच्याच आसपास पडायची. खरा भाव काय होता, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. पडद्याने ही चोरी संपवली. आता ज्याचा भाव चांगला त्याची ऑर्डर आधी, आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी. मिरजेहून ऑर्डर टाकणाऱ्याला आणि मलबार हिलवरच्या शेठजींना एकच रांग. ही लहान गोष्ट नाही.

मात्र रांग एक असली तरी खिसा एक नसतो. गुंतवणूकदार इथेच फसतो. त्याला वाटतं, हा खेळ भाकिताचा आहे, बाजार वर जाणार की खाली हे ओळखलं की झालं. तर एक प्रसंग हिशेब मांडून बघू.

३ जून २०२४, सोमवार. लोकसभेचे एक्झिट पोल आलेले, निफ्टी २३,२६४ वर बंद. समजा एकाने त्या भावाला एक लॉट घेतला. लॉट किती नगांचा हे बाजार वेळोवेळी बदलतो, सुरुवातीला २०० चा होता. आपण हिशेबाला ७५ धरू. सौदा झाला साडेसतरा लाखांचा. पण खात्यातून अडकले किती? मार्जिनचे, म्हणजे अनामतीचे, साधारण सव्वादोन लाख. मोबाइलवर निळं बटण दाबलं, ‘ऑर्डर एक्झिक्युटेड’ आलं, माणूस जेवायला बसला. आपण साडेसतरा लाखांच्या मालाचा बोजा उचललाय हे त्या पडद्यावर कुठेही ठळक दिसत नाही. दिसतात ते सव्वादोन लाख.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी. निफ्टी २१,८८५ च्या आसपास बंद झाला, १,३७९ अंश खाली; दिवसात मध्ये तर घसरण दोन हजारांच्या जवळ गेली होती. ७५ ने गुणा. एक लाख तीन हजार रुपये त्याच संध्याकाळी खात्यातून गेले. कागदावरचा तोटा नव्हे हा. रोजच्या रोज रोख पैसे वळते होतात, त्यालाच बाजारात एमटीएम म्हणतात. उरलेल्या सव्वा लाखात मार्जिन भागत नाही. फोन येतो, मेसेज येतो: पैसे भरा, नाहीतर सौदा कापू. खूप जणांचे सौदे तर दुपारीच यंत्राने कापले असतील. यंत्र तुम्हाला ‘राहू दे हो, उद्यापर्यंत बघू’ असं म्हणत नाही. जुना दलाल कधीकधी म्हणायचा.

आता पुढचं ऐका. शुक्रवारी, ७ जूनला, निफ्टी २३,२९० वर बंद झाला. सोमवारच्या भावाच्याही वर! म्हणजे बाजार पडणार नाही हे त्या माणसाचं भाकीत आठवड्यापुरतं चुकलंच नव्हतं. ज्याच्याकडे आणखी लाख-दीड लाख रोकड बाजूला होती, तो शुक्रवारी हसत होता. ज्याच्याकडे नव्हती, त्याचा तोटा मंगळवारीच कायमचा झाला. दोघांचं मत एकच, दोघांनी घेतलेला भाव एकच. फरक फक्त बाजूला ठेवलेल्या रोकडीचा.

मग हे हत्यार बनलं कशासाठी? ज्याच्याकडे वीसेक लाखांचे शेअर आहेत, ज्याला ते विकायचे नाहीत आणि चार महिने पडझडीची धास्ती आहे, त्याने एक लॉट विकून ठेवावा. शेअर पडले तर वायद्यात भरपाई होते. हा त्याचा सरळ उपयोग. पण इथेही एक मेख आहे. बाजार चढला तर शेअरमधला फायदा कागदावर राहतो आणि वायद्यातला तोटा रोज रोखीने जातो. शेअर तारण ठेवून मार्जिन मिळतं, एमटीएम मात्र रोखीतच भरावा लागतो. म्हणजे विमा उतरवणाऱ्यालाही हाताशी रोकड लागतेच. शिवाय तुमचे वीस लाख भलत्याच छोट्या कंपन्यांत असतील, तर निफ्टीचा विमा त्यांना लागू पडेलच असं नाही. शेजारच्या घराचा विमा काढून आपलं घर सुरक्षित होत नाही.

सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास जाहीर केला. वायदे आणि ऑप्शन्स मिळून एक कोटीहून जास्त वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात, तीन वर्षांत एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर. यात ऑप्शन्सवाल्यांचा भरणा फार मोठा आहे, सगळं पाप वायद्याच्या माथी मारू नका. दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. २०२३-२४ मध्ये परकीय संस्था आणि स्वतःच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्या पेढ्या नफ्यात होत्या, आणि त्या नफ्यातला ९६-९७ टक्के वाटा अल्गोने, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या यंत्रांनी, कमावलेला होता. आपण लोकलमध्ये लटकत अंगठ्याने ऑर्डर टाकतो ती यांच्यासमोर. म्हणून मला सेबीचा तो उंबरा पटतो.

तरुण मित्रांना एवढंच सांगतो. आज घरी गेल्यावर आपल्या ब्रोकरच्या ॲपमधून गेल्या तीन वर्षांचं टॅक्स पी अँड एल उतरवून घ्या. दलाली, कर, सगळं वजा करून खाली जो एक आकडा उरतो, तो घरात मोठ्याने वाचून दाखवा. मी माझा १९ वर्षांपूर्वी बायकोला वाचून दाखवला होता. तेव्हापासून मी वायदा फक्त माझ्या शेअरांच्या विम्यापुरता करतो.