आरशातला चेहरा

भयपटाची एक गंमत असते. पहिल्यांदा तो घाबरवतो आणि दुसऱ्यांदा पाहिला तर बहुधा हसवतो. दार कधी करकरणार, मांजर कुठून उडी मारणार, सगळं ठाऊक झालेलं असतं. पण थोडे सिनेमे असे असतात, की ते दुसऱ्या खेपेलाच उमगतात. इटलीच्या दारिओ आर्जेंतो यांचा १९७५ सालचा ‘प्रोफोंदो रोस्सो’, इंग्रजीत ‘डीप रेड’, हा त्यांपैकी एक.

ऐंशीच्या दशकात आमच्या बारामती-इंदापूरकडे भयपट म्हणजे रामसे बंधूंचे. ‘पुराना मंदिर’ १९८४ साली आला आणि पोरं रात्री परसात जायला घाबरू लागली. मग व्हीसीआर आला. वर्गणी काढून तो भाड्यानं आणायचा आणि एका रात्रीत तीन सिनेमे उरकायचे. अशाच एका बासी ईदेच्या रात्री, बारामतीत मित्राच्या घरी, मी ‘डीप रेड’ पाहिला. फीत इतकी झिजलेली, की रक्तही विटकरी दिसत होतं. मूळ सिनेमा १२६ मिनिटांचा. परदेशी प्रतीतून वीसेक मिनिटं कापलेली होती. अलीकडे इंदापूरला घरी पूर्ण लांबीच्या डिस्कवर तो पुन्हा पाहिला.

गोष्ट रोममधली, चित्रीकरण मात्र बरंचसं तुरीन शहरातलं. एक पियानोवादक रात्री चौकात उभा असतो. वरच्या खिडकीत एका बाईवर हल्ला होताना त्याला दिसतो. तो धावत वर जातो. घरातल्या लांब पॅसेजच्या भिंतींवर चित्रंच चित्रं, त्यांत चेहरेच चेहरे. नंतर त्याला वाटत राहतं, की मघाशी इथं आणखी एक चित्र होतं, ते गेलं कुठं? सिनेमाभर तो ते आठवत राहतो. शेवटी उलगडतं, की तो आरसा होता आणि त्यात खुन्याचा चेहरा होता! तो कुणाचा, हे मी सांगणार नाही.

थिएटरात मागं जाता येत नाही. घरी मी रिमोटनं तो प्रसंग मागं नेला, चित्र थांबवलं. चेहरा तिथं आहे. क्षणभरच, पण स्वच्छ. दिग्दर्शकानं काही लपवलेलंच नाही. पियानोवादक झालेला डेव्हिड हेमिंग्ज १९६६ च्या अंतोनिओनींच्या ‘ब्लो-अप’मध्ये छायाचित्रकार होता, फोटो मोठा करत करत त्याला त्यात खून सापडतो. फोटो मोठा करता येतो. आठवण मोठी करू गेलं, की तिच्यात आपल्या पदरचं मिसळतं.

मग समोरचा चेहरा दिसत का नाही? भिंतीवर ओळीनं चित्रं आहेत, म्हणून मन म्हणतं, हेही चित्रच. डोळा पाहतो, पण नाव मन देतं.

हे पडद्यावर ठीक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी ही माणसं, बहुतेक आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा आधीच फोनवरून फिरत होती. भिंतीवर चित्रं लावून झाली होती. त्यांच्यातल्या एकानं बाजारात लहान मुलीशी बोलणं तेवढं जमावाला पुरलं. तिथल्या कुणालाही विचारलं असतं, तरी त्यानं शपथेवर सांगितलं असतं, की मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

कविता वाचणाऱ्याला ठाऊक असतं, की पहिल्या वाचनात आपण आपलीच कविता वाचतो. समोरच्याची दुसऱ्या वाचनात सुरू होते. माणसांच्या बाबतीतही तेवढी एक फेरी द्यायला हवी. तिथं मागं नेणारं बटण नसतं. हात उगारण्याआधी थांबणं तेवढं आपल्याकडं असतं.

हा सिनेमा मिळाला तर जरूर पाहा. पॅसेज आला, की डोळे उघडे ठेवा.