समोरच्याला जागा ठेवा

(अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



संयोजकांनी विषय दिलाय, 'ऑनलाइन जर्नलमधला लेखी रोलप्ले : सुरुवात कशी करावी'. वेळ पाऊण तास. पुढच्या रांगेतले माझे मित्र आत्ताच हसायला लागलेत, कारण त्यांना ठाऊक आहे की मला कुठलाही विषय द्या, मी भाषणात कोकणातल्या कुडाळला पोचतोच. मुंबई-गोवा महामार्गाने पोचाल त्याच्या कितीतरी आधी. (हशा) आज निदान अर्धा वेळ तरी रीम बेटावर राहीन म्हणतो.

हा खेळ ज्या संकेतस्थळावर वाढला, त्या लाइव्हजर्नलचा इतिहास उगाळत नाही. १९९९ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन विद्यार्थ्याने मित्रांना आपली खबरबात कळावी म्हणून ते सुरू केलं, आणि थोड्याच वर्षांत लोक तिथे स्वतःच्या नव्हे, हॅरी पॉटरमधल्या पात्रांच्या नावाने रोजनिश्या लिहू लागले. डिसेंबर २०११मध्ये लाइव्हजर्नलने उत्तरांवरची विषयाची ओळ काढून टाकली. बाहेरच्याला ही क्षुल्लक गोष्ट, पण खेळणाऱ्यांची सगळी व्यवस्था त्या ओळीवर चालायची. त्यांनी बिऱ्हाडं उचलली आणि ड्रीमविड्थवर नेली. ते लाइव्हजर्नलच्याच सांगाड्यावर २००९मध्ये उभं राहिलेलं. हे तुमच्या घरातल्या पंधरा वर्षांच्या तज्ज्ञाला माहीत असेलच. पुढे जातो.

खेळ असा. तुम्ही एक पात्र निवडता. पुस्तकातलं, सिनेमातलं, नाहीतर स्वतः रचलेलं. त्याच्या नावाने जर्नल उघडता. म्हणजे रोजनिशी तुमची नाही, त्याची. त्याचे चेहरे शंभर बाय शंभर पिक्सेलच्या चौकोनांत चढवून ठेवता : रागावलेला, ओशाळलेला, झोप न झालेला. हे आयकॉन. मग एक प्रसंग मांडता. खाली दुसरा कुणी त्याच्या पात्राच्या नावाने उत्तर देतो, त्याखाली तुम्ही. एकेक उत्तर म्हणजे टॅग, आणि सगळे मिळून थ्रेड. काहीजण कादंबरीसारखं सलग गद्य लिहितात. काहीजण कृती कंसात टाकतात आणि पुढे नुसतं बोलणं. थेट नाटकाची संहिताच, फक्त ती आधी कुणी लिहून ठेवलेली नाही. आणि इथेच, माफ करा, गाडी कुडाळकडे वळते. (हशा)

माझं म्हणणं असं की हा खेळ शिकायला आपल्याला दूर जायला नको. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' नाटक, सांगली, १८४३. सगळं तुम्हाला पाठ आहे, म्हणून एकच गोष्ट. पदं भाव्यांची, ती सूत्रधार म्हणायचा. पात्रांची भाषणं नटांनी आयत्या वेळी करायची. छापील संवाद पाठ करून करायचं 'बुकिश' नाटक नंतरचं. कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' १८६१चं. त्याच्याही कितीतरी आधी एकनाथ महाराज भारुडांत जोशी झाले, वासुदेव झाले, दादल्याला विटलेली बाईसुद्धा झाले. पण भारुडात शब्द रचून ठेवलेले असतात. शब्दही तिथल्या तिथे सुचायचे, आणि समोरचा काय बोलेल ते आपल्या हातात नाही, असा खेळ बघायचा तर धयकालो. म्हणजे कुडाळकडचा दशावतार.

त्याच नावाचा २०२५चा सिनेमा पाहिलात ना? छान. पण सिनेमाला पटकथा असते. जत्रेतल्या दशावताराला ती नसते. आधी आडदशावतार : गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग वेद पळवणारा संकासुर, काळ्या वेषातला, मालवणीत तोंड सोडलेला. मग मुख्य आख्यान. सिंहासन म्हणजे एक बाकडं. तोंडाला रंग लावता लावता ठरतं, आज कुठलं आख्यान, कुणाचा प्रवेश कधी, शेवटी कोण मरणार. बस्स. वाक्य कुणाला देत नाहीत.

एक प्रसंग सांगतो, दोन मिनिटांत. आजोळच्या जत्रेत, रात्री अडीच-तीनचा सुमार. असुर ऐन गर्जनेत, आणि वीज गेली. गडद अंधार, पोरं रडायला लागली, पेटीवाल्याचा हात थांबला. समोर नारद उभा. त्याने काय करावं? अंधारातूनच आवाज आला, "नारायण, नारायण! असुरा, देवांची राज्यं गिळलीस ते समजलं. आता सूर्यही गिळलास?" लोक हसले. असुराला हे आधी कुठे ठाऊक? पण तोही मुरलेला. म्हणाला, "गिळला! आणि अजून पोट भरलं नाही. सांग, चंद्र कुठे दडवलाय?" नारद म्हणाला, "सांगतो, पण आधी मला तू दिसायला हवास." मग उजेड येईपर्यंत दोघं चंद्राचा सौदा करत राहिले. कुणीतरी जाऊन जनरेटर चालू केला, भक्कन उजेड पडला, आणि असुर पोट धरून वाकला : "घे नारदा, कडू लागला, ओकून टाकला!" (हशा, टाळ्या)

दोन मिनिटांची पाच झाली, मला दिसतंय. घड्याळ दाखवू नका. कारण सुरुवात करणाऱ्याला लागणारं सगळं त्या अंधारात होतं. नारदाने अडचण प्रसंगात ओढून घेतली. असुराने ती नाकारली नाही, वर एक चंद्र ठेवला. आणि दोघांनीही दुसऱ्याला बोलायला जागा सोडली. समजा नारद म्हणाला असता, "असुरा, सूर्याच्या तापाने तू मेलास." असुराने पडायचं? समोरच्याच्या पात्राचं काय झालं हे आपणच लिहून टाकायचं, याला जर्नलवाले गॉडमोडिंग म्हणतात आणि त्यावर फार चिडतात. 'मी तलवार चालवली' लिहा. 'तुझा हात तुटला' लिहू नका; लागली की चुकवली, ते त्याला लिहू द्या. याचा उलटा दोषही आहे. नवखा लिहितो, 'तो किंचित हसला.' आता यावर बिचाऱ्या दुसऱ्याने काय लिहायचं? प्रत्येक टॅगमध्ये पकडायला काहीतरी द्या : एखादा प्रश्न, एखादी खोडी, पुढे केलेला चहाचा कप. सुंदर लिहिणारे या खेळात पुष्कळ येतात आणि एकटे पडतात, कारण ते उत्तर देत नाहीत, परिच्छेद देतात.

पाचव्या रांगेतल्या काकूंची चिठ्ठी आलीय : "खोट्या नावाने लिहिणं ही फसवणूक नाही का?" काकू, पुरुष नट शालू नेसून द्रौपदी होतो, तेव्हा आपण पोलिसांना बोलावतो का? (हशा) पण तुमचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तिथे ठरलेलं असतं की हे सोंग आहे. जर्नलमध्येही माहितीच्या पानावर लिहायचं की हे पात्र आहे, आणि खेळणाऱ्याशी कुठे बोलायचं. खेळणाऱ्याचं बोलणं वेगळं, पात्राचं वेगळं. पात्र भांडतं तेव्हा माणसं भांडत नाहीत. भांडायला लागली तर खेळ थांबवायचा. जिवंत माणसाच्या नावाने खातं काढलं, की ते सोंग राहत नाही. तिथे मी काकूंच्या बाजूने.

हॉल नऊला द्यायचाय आणि दारात सिक्युरिटीवाले दादा उभे आहेत, तेव्हा राहिलेलं धावत. एकदम खेळात अर्ज करू नका. बहुतेक खेळ नव्यांसाठी टेस्ट ड्राइव्ह मीम ठेवतात. तिथे चार प्रसंगांत पात्र चालवून पाहा, मग अर्ज. अर्जात पात्राचा स्वभाव, पूर्वकथा आणि लेखनाचा नमुना मागतात. स्वभावावर जास्त मेहनत घ्या. परवानगीची पोस्ट आधी वाचा. कुणाच्या पात्राला मारहाण चालते, कुणाला कोणता विषय नको, ते तिथे असतं. खेळ सांभाळणाऱ्या मॉडचे नियम पाळा. दर महिन्याला हजेरी मागत असतील तर द्या, गावी जाणार असाल तर सुट्टी कळवा. अमेरिकेतला जोडीदार लिहितो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र असते. जागू नका. सावकाश दिलेल्या उत्तरालाही बॅकटॅग असं रीतसर नाव आहे, त्यात कमीपणा नाही. खरं नाव, शाळा, टॉवर, फ्लॅट नंबर कुणालाही नाही. आणि पालकहो, बरेच खेळ अठराच्या आतल्यांना घेत नाहीत. ती अट मुलाबरोबर बसून वाचा.

घरी गेल्यावर मुलाला "काय टाइप करत बसतोस?" असं विचारू नका, उत्तर मिळणार नाही. "तू कोण आहेस, आणि समोरचा काय म्हणाला?" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला पटकन देता आलं, तर पोरगं खेळ शिकलंय. नाही आलं, तर त्याला जत्रेला न्या. तिकीट मी काढत नाही. (हशा)

प्रश्न खाली लॉबीत घेऊ. खुर्च्या जाग्यावर लावून मग निघा.