मधला पिकअप
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

माझी फेंडर स्ट्रॅटोकास्टर १९६६ ची. १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी घेतली, म्हणून शौकीन मंडळी त्याआधीच्याच गिटारींना मान देतात. देऊ देत!

वांद्र्याच्या एका वयस्कर वादकाकडून ती घेतली, तेव्हा मधला पिकअप मुका होता. मीटर लावला, तर कॉइल तुटलेली. केसाइतकी बारीक तांब्याची तार, तिचे हजारो वेढे. नवा पिकअप बाजारात मिळतो हो, पण मग जुना आवाज कुठून आणायचा? भिंगातून बघितलं, तर बाहेरच्या टोकाशीच हिरवा गंज चढून तार तुटलेली. अर्धा वेढा सोडवला, डाग दिला आणि बाई बोलायला लागल्या.

रंगाला मात्र हात लावला नाही. पातळ लॅकर, हात घासून घासून खाली लाकूड दिसतंय. ‘नवा रंग मारून घ्या की,’ असं बरेच जण सुचवतात. त्याने किंमत पडते, ते सोडा; पण तिथे त्या काकांचा हात होता.

आता वाजवतो. सिंगल कॉइल पिकअप विजेची घरघर लगेच पकडतो, तेवढ्या स्टेजवरच्या ट्यूबलाइट कुणीतरी बंद करा.